गुरुवारची हॅट

गुरुवार, ९ मे

आजीला आज घरच्या अंगणात पुरलं, आमच्या बेटावर पुरतात तसं. आजोबांच्या शेजारी, रस्त्याला लागून, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांचे कपडे तिला तिथूनही बघता येतील. जागा तिनेच सांगून ठेवली होती.

तिला तयार करायचं काम माझ्याकडे होतं. ऑकलंडहून परत आल्यापासून तीन महिने तिचं नखांपासून केसांपर्यंत सगळं मीच बघत होते, आज दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नसता. पांढरा झगा, मोत्याची कर्णफुलं, आणि तिने स्वतः शिवलेली जास्वंदीची रजई. रजई तर आमच्याकडे सगळेच बरोबर देतात. हॅट मात्र माझी कल्पना. तीच तिची रितोची, नारळाच्या कोवळ्या पात्यांनी विणलेली पांढरीशुभ्र हॅट, आणि तिच्यावर बारक्या पिवळ्या शिंपल्यांची पट्टी. लहानपणापासून दर रविवारी ती मी आजीच्या डोक्यावर पाहिली आहे. जी बाई आयुष्यात कधी चर्चची पायरी उघड्या डोक्याने चढली नाही तिला देवाच्या दारात तशीच कशी पाठवायची? हॅट घातली, उजवीकडे जराशी कलती केली, पुढची कड भुवईपर्यंत ओढली. मागची कड उशीमुळे दुमडली, तेवढंच मनाला लागलं. बाकी आजी अशी दिसत होती की आत्ता डोळे उघडेल आणि मला म्हणेल, आका, या झग्यावर ही चप्पल?

समोरची नूरोआआजी पेटीपाशी आली, वाकली आणि तशीच राहिली. हॅटच्या कडेला बोट लावलं, मागे घेतलं. माझ्याकडे पाहिलं. मग एकदम मोठ्याने स्तोत्र धरलं. पाद्रीबुवांनी सांगितलंही नव्हतं, पण ती गायला लागली म्हटल्यावर सगळ्यांना गावं लागलं. शेवटी जेवायलाही थांबली नाही. चाळीस-पन्नास वर्षांची मैत्रीण गेली, दुःख होणारच.

आजी गं, मला करमत नाही.

रविवार, १२ मे

चर्चला माझी ऑकलंडची काळी हॅट घातली, जाळीची आणि पिसांची. मागच्या बाकावरच्या बायका एकमेकींना ढोसत होत्या. एक म्हणाली, "आका, ती कोंबडी अंडं कधी घालणार आहे?" दुसरी म्हणाली, "हळू बोल, उडून जाईल."

मी वळलेसुद्धा नाही. आजीने शिकवलंय, हॅटवरून कुणी बोललं तर मान हलवायची नाही, नाहीतर हॅटचा तोल जातो. मला हॅट, पर्स, कर्णफुलं, गॉगल यांचं जे वेड आहे ते सगळं तिचं देणं. आई म्हणायची, या दोघींना जेवायला नसलं तरी चालेल, कानात काहीतरी लोंबलं पाहिजे.

आज बाकावर माझ्या शेजारची जागा कुणी घेतली नाही. मला वाटलं घेतली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार, १७ मे

विमानतळावरच्या दुकानात शुक्रवार-शनिवारची माझी संध्याकाळची ड्यूटी आता दुसरीला दिली आहे. त्यामुळे आज घरी होते.

सूर्य मावळायच्या आधी नूरोआआजी आली. काखेत बिस्किटांचा मोठा गोल पत्र्याचा डबा. ओट्यावर बसली, डबा मांडीवर ठेवला, आतल्या भिंतीकडे पाहत राहिली. तिथे आजीची हॅट टांगायची खुंटी आहे, बाकी काही नाही.

"बरं आहे ना गं सगळं?" ती म्हणाली.

"बरं आहे. तुझं?"

"बरंच म्हणायचं."

बराच वेळ झाला तरी उठेना. रिकामा डबा घेऊन आलेल्या माणसाला काय हवं असतं हे न कळण्याइतकी मी बावळट नाही. सकाळीच डोनट तळले होते, डबा काठोकाठ भरून दिला. ती डोनटकडे बघतच राहिली.

"एवढे?"

"घे गं. तुला नाही देणार तर कुणाला?"

डबा घेऊन हळूहळू रस्ता ओलांडून गेली. मला फार बरं वाटलं. आजी असती तर तिनेही असंच केलं असतं.

शनिवार, २५ मे

काल शुक्रवारी नूरोआआजी पुन्हा आली, तीच वेळ, तोच डबा. मी पुन्हा भरला. या वेळी पोके, म्हणजे केळ्याच्या गोड वड्या, पण घातल्या.

"पोरी, मला साखर आहे गं," ती म्हणाली.

"मग नातवंडांना दे."

"ती ऑस्ट्रेलियात आहेत."

तरी घेऊन गेली बिचारी, नाही म्हणवलं नाही.

ती शनिवारच्या चर्चची. आमचा प्रार्थनेचा वार रविवार, त्यांचा शनिवार. आज सकाळी तिच्याकडचे सगळे पांढऱ्या कपड्यांत रस्त्याने गेले आणि ही घरच्या झग्यात पायरीवर बसलेली. तिचे पाद्री स्कूटर थांबवून काहीतरी बोलले. हिने गुडघ्याला हात लावला, ते मान हलवून गेले. मी विचारलं तर म्हणाली, "गुडघा गं, तिसरा शनिवार आहे. पन्नास वर्षांत एक चुकला नव्हता."

तिचे डोळे भरून आले होते. औषधाची बाटली नेऊन दिली.

मंगळवार, २८ मे

नूरोआआजी आज शिडीवर चढून नीरफणस पाडत होती. म्हातारपणी गुडघ्यांचं असंच असतं. एक दिवस चालतात, एक दिवस रुसतात.

रविवार, २ जून

लिहू की नको असं झालंय.

काल तेरेमामाने आजीवर सिमेंटचा थर घातला. गुळगुळीत, सुंदर झालाय. आज चर्चनंतर आम्ही दोघं ओट्यावर जेवत होतो. मामाचं लक्ष ताटात. सहज म्हणाला, "नूरोआ अजून शुक्रवारची येते का गं?"

"येते की. डबा घेऊन. मी डोनट भरून देते."

"डोनट?" त्याने मान वर केली. "अगं, तो हॅटचा डबा आहे."

"कुठल्या हॅटचा?"

"कुठल्या म्हणजे? रितोच्या. तिच्या हॅटच्या."

मग एकेक घास खात त्याने सांगितलं. मोठ्या वादळात आजीच्या सगळ्या हॅट समुद्राने नेल्या. नूरोआआजीकडे एक उरली, तोंगारेवा बेटावर तिच्या आईने विणलेली. तेव्हापासून दोघींत ती एकच. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत ती समोर जायची, शनिवारी सूर्य मावळला की इकडे यायची. तिच्या चर्चमध्ये दागदागिने चालत नाहीत, म्हणून शिंपल्यांची पट्टी काढून साधी फीत लावायची. रविवारी पुन्हा पट्टी. पट्टी आजीची, हॅट नूरोआआजीची. शनिवारच्या बायकांना वाटायचं ती नूरोआची आणि रविवारच्या बायकांना वाटायचं ती आजीची, म्हणजे तेपाएरूची; तोंगारेवाहून अशा दोन आल्यात असंच सगळे धरून चालायचे. दोघी जन्माच्या नखरेल, उसनी हॅट घालते असं कुणाला कळू देतील तर ना. मामा शाळेत होता तेव्हा डबा तोच पोचवायचा.

"आणि तू मला हे आत्ता सांगतोस? पेटीपाशी तू उभा होतास."

"मला वाटलं तुम्हा बायकांचं काहीतरी ठरलं असेल."

पुरुषांना देवाने डोळे कशाला दिलेत ते मला कळत नाही.

मी रडायला लागले तसा मामा घाबरला. सिमेंटकडे बघून म्हणाला, "अजून पुरतं वाळलं नाही. घण आणू का?"

"मामा, ती तुझी आई आहे."

"म्हणून तर विचारतोय. आई समजून घेईल."

त्याला घरी पाठवलं. गुडघा दुखत नाहीये तिचा. तिच्याकडे डोक्यावर घालायला काही नाही. दुसरी कुठली हॅट घालून गेली असती तर बायकांनी पहिलाच प्रश्न विचारला असता, तुझी ती कुठे आहे? आणि मी त्या बाईला डोनट दिले. दोनदा.

सोमवार, ३ जून

अवारुआच्या बाजारात जाऊन सगळी दुकानं पालथी घातली. पर्यटकांसाठी केवड्याच्या पात्यांच्या आहेत, रितोची नाही. ती मिळेल तोंगारेवाकडच्या बेटांवरून बोट येईल तेव्हा, आणि बोट ऑगस्टशिवाय नाही. तोपर्यंत नूरोआआजीचे किती शनिवार जातील?

माझ्या कपाटातल्या सगळ्या बाहेर काढून पलंगावर मांडल्या. पिसं, जाळ्या, साटीन, चमकणाऱ्या पिना. यातली एकही घालून ती गेली तर तिचे पाद्री तिला दारातूनच परत पाठवतील. एवढं सामान जमवलं आणि एका म्हातारीच्या उपयोगाची एक वस्तू नाही.

तिला सरळ सांगायला हवं. सांगू शकत नाही. काय सांगू, तुझ्या आईची आठवण मी जमिनीखाली घातली?

मंगळवार, ४ जून

मग मीच विणायची. आणि या गावात रितो विणता येणारी एकच बाई आहे.

गेले नूरोआआजीकडे. म्हटलं, "मला रितोची हॅट शिकव. सहज, हौस म्हणून."

तिने मला वरून खाली न्याहाळलं. "तुला? नखं बघ तुझी. लाल मिरच्या लावल्यासारखी दिसतात."

"नखं लागतात ना पाती चिरायला?"

"नख लागतं. रंग नाही लागत, तो पात्यावर उतरतो. धुऊन ये."

घरी येऊन रंग काढला. सोळाव्या वर्षापासून पहिल्यांदा माझी नखं अशी उघडी आहेत. परत गेले तेव्हा ती मोठं पातेलं चुलीवर चढवून बसली होती, जणू मी येणार हे ठाऊकच होतं. हौशी माणसांचा तिला राग येत नाही म्हणायचा.

सोमवार, १० जून

पाती उकळली, उन्हात घातली, आता धुतलेल्या कपड्यासारखी पांढरी झाली आहेत. आज विणायला घेतलं. शेंड्यापासून सुरुवात करायची आणि लाकडी साच्यावर खाली खाली यायचं. सकाळी विणलेलं दुपारी तिने उसवायला लावलं.

"हे काय विणलंयस? मासे धरायचेत का?"

उसवलं. पुन्हा विणलं. पुन्हा उसवलं. आजी असती तर शेजारी बसून दोघींनी मिळून माझी चेष्टा केली असती. मी म्हटलं, "आजीला येत होतं का गं विणायला?"

"तेपाएरूला? छे. तिला घालायला यायचं. विणणाऱ्या खूप असतात, तिच्यासारखी घालणारी एकच. मी घालून निघाले की लोक म्हणायचे, नूरोआ चालली. ती निघाली की हातातलं काम टाकून बघायचे."

काय घातल्यावर, ते बोलली नाही. मीही विचारलं नाही. विणत राहिले.

रविवार, १६ जून

आज आजीची फार आठवण आली. मी ऑकलंडला निघाले तेव्हाची. विमानतळावर सगळे माझ्या गळ्यात फुलांच्या माळा घालून रडत होते आणि ती माझा चेहरा बघत होती. म्हणाली, "कर्णफुलं बदल." स्वतःच्या कानातली काढून माझ्या कानात घातली, माझी तिने घातली. "आता जा. तिकडे कुणी काही बोललं तर कान दाखव." सुरुवातीच्या त्या थंडीत, तिथल्या कारखान्यात कामाला, मी रोज ती घालून जात होते. मला कुणी हलकं समजू शकलं नाही, कारण मीच समजत नव्हते. लोक याला नखरे म्हणतात, म्हणोत.

शुक्रवार, २१ जून

सुटले. सगळं नीट लिहून ठेवते.

शेंडा झाला, आता रुंदी धरायची होती, म्हणून डोक्याचं माप हवं होतं. मी आधीच ठरवून ठेवलं होतं. अगदी सहज दोरी घेऊन म्हटलं, "तुझंच घेते गं माप, हात पोचतो."

"घे."

घेतलं, दोरीला गाठ मारली. विणायला लागले तर तिने हात धरला.

"जरा सैल धर. ती जुनी मला घट्टच व्हायची. दर शनिवारी दुपारी डोकं दुखायचं."

कोंबड्या अंगणात माती उकरत होत्या.

मग माझा धीर सुटला. तिच्या मांडीवर डोकं ठेवून सगळं ओकले. मला माहीत नव्हतं, मामाने उशिरा सांगितलं, डोनटबद्दल माफ कर, मी तुझ्या आईची हॅट पुरली, तुझे शनिवार बुडवले. ती माझ्या पाठीवर थोपटत राहिली, मूल झोपवावं तशी.

"मग तू का नाही बोललीस?" मी विचारलं. "पेटी उघडी होती. एक शब्द बोलली असतीस तर मी काढली असती."

"बोलणारच होते. हातही घातला होता. तेवढ्यात तुझं तोंड पाहिलं. तू तिची कड ओढून नीट करत होतीस, तिला आवडायची तशी, आणि जिवंत माणसाशी बोलावं तशी तिच्याशी बोलत होतीस. कुठल्या तोंडाने म्हणू, काढ ती?" ती थांबली. "आणि खरं सांगू? उभी राहून मी हिशेब करत होते. शनिवार माझा, रविवार तिचा. आणि पुरतायत गुरुवारी. गुरुवार कुणाचा, हे आमचं कधी ठरलंच नव्हतं."

मला हसू आलं, रडता रडता. तीही हसली, पोट धरून.

"पण चर्चला का नाही गेलीस? मामीची एखादी साधी घेतली असतीस."

"आणि जुनी कुठे म्हणून विचारलं असतं तर? मला खोटं बोलता येत नाही. खरं सांगितलं असतं तर दुपारपर्यंत गावभर झालं असतं की ऑकलंडच्या शहाणीने दुसऱ्याची हॅट मातीत घातली. तुझी आजी नुकती गेलेली. तुला कशाला अजून तो घोर?"

म्हणजे ती घरी बसली होती ती माझ्यासाठी. पन्नास वर्षांत न चुकलेले शनिवार तिने माझ्यावरून ओवाळून टाकले आणि मी तिला गुडघ्याचं औषध दिलं.

"आजी," मी म्हटलं. तिला नुसतं आजी पहिल्यांदाच म्हटलं असेन.

"रडू नको, पाती भिजतायत. विण."

रविवार, ३० जून

कड उरली आहे. कडेला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. मामा येऊन बघून गेला. म्हणाला, "छान झालीय की. जराशी वाकडी आहे." मी म्हटलं, "ती कलती आहे."

शनिवार, ६ जुलै

काल सूर्य मावळायच्या आधी शेवटचं पातं खोचलं आणि डब्यात घालून रस्ता ओलांडला. तिने हातात घेऊन फिरवून पाहिली, उजेडाकडे धरली, एके ठिकाणी बोट ठेवलं, पण काही बोलली नाही. डोक्यावर घातली. बसली. माझा जीव भांड्यात पडला.

आज मी तिच्याबरोबर शनिवारच्या चर्चला गेले. कानात काही नाही, गळ्यात काही नाही, डोक्यावर मामीची साधी हॅट. आरशात मला माझीच ओळख पटेना. रस्त्यात मात्र एकच डोक्यात होतं. बायका विचारणार. ती खोटं बोलणार नाही. मी ठरवलं होतं, प्रश्न आला की मीच पुढे होऊन सांगायचं.

पायऱ्यांवर पाद्रींनी तिचे दोन्ही हात धरले. आत गेल्यावर सगळं चर्च वळून बघत होतं. तिने मान जरासुद्धा हलवली नाही. स्तोत्र सुरू झालं आणि तिचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. चुकलेल्या शनिवारांचं सगळं तिने आज एकदम गाऊन घेतलं. मला इतकं हलकं वाटलं की आजी गेल्यापासून असं वाटलंच नव्हतं.

बाहेर आल्यावर व्हायचं तेच झालं. बायकांनी घेरलं. त्यांच्यातल्या सगळ्यांत चौकस बाईने हॅट नीट बघितली. "नूरोआ, नवी वाटतं. कुणी विणली?"

"हिने."

"बरी आहे हो. पहिलीच का गं? आणि तुझी ती आईची?"

मी तोंड उघडलं. नूरोआआजीने माझा दंड धरला, चांगला घट्ट.

"ती तेपाएरूकडे आहे," ती म्हणाली.

"तेपाएरूकडे? तिची तर तिच्या पेटीत होती. आम्ही पाहिली ना."

"तीच. आमच्या दोघींत एकच होती. शनिवारी माझी, रविवारी तिची."

इतक्या वर्षांचा नखरा तिने भर पायरीवर सोडून दिला आणि चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"अगं बाई, मग ती खाली गेली की. पुरताना तू काही बोलली कशी नाहीस?"

"मी कशाला बोलू? मीच दिली तिला. तिचा वार अजून संपलेला नाही. संपला की मीच जाईन आणायला, मला काही घाई नाही."